मोठी चाकं आणि पूर्वेकडचा खांब

माझ्या गाडीची चाकं लहान आहेत हे मला मेव्हण्यानं सांगेपर्यंत ठाऊकच नव्हतं. गाडी घेतल्यापासून मी त्या चाकांवर सुखानं फिरत होतो. एके दिवशी हा आला, गाडीभोवती एक फेरी मारली, दोन पावलं मागे सरकून डोळे बारीक केले आणि म्हणाला, "भावोजी, गाडी भारदस्त आहे हो. पण चाकं शेजाऱ्याकडून मागून आणल्यासारखी वाटतात."

माझ्या बायकोचा भाऊ दुसऱ्याच्या सुखात बिब्बा घालण्याचं काम अतिशय प्रेमानं करतो. तो चहा पिऊन निघून गेला. मी मात्र गॅलरीतून खाली बघत बसलो. आमची एसयूव्ही म्हणजे चांगली उंच, रुंद, भरदार बांध्याची गाडी. पण आता मला ती लग्नाला सूट घालून आणि पायात घरातल्या चपला अडकवून निघालेल्या माणसासारखी दिसायला लागली. दुसऱ्या दिवसापासून मी रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीच्या पायांकडे बघत चालू लागलो आणि त्या नादात ऑफिसच्या फाटकावर आदळलो. पहारेकऱ्यानं "लागलं का साहेब?" असं विचारलं, तेही हसू दाबून.

टायरच्या दुकानाचा मालक गोड बोलणारा निघाला. त्यानं मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि भिंतीवर टांगलेल्या चाकांच्या रिमा दाखवायला सुरुवात केली. चांदीसारख्या चकचकीत, काळ्या, मधोमध तारा कोरलेल्या. मी सगळ्यात मोठ्या रिमेकडे बोट दाखवलं.

"वा!" तो म्हणाला. "नजर आहे साहेब तुम्हाला. याच्यावर टायर कुठला टाकायचा? हा बघा, वळणावर रस्ता सोडत नाही. जोरात मारा, जोरात दाबा, हलायचा नाही."

मी वळणावर जोरात मारत नाही. वळण दिसलं की मी आधी हॉर्न वाजवतो, मग ब्रेक लावतो आणि मग वळायचं की नाही याचा विचार करतो. पण हे त्या घडीला सांगणं मला बरं दिसेना. "हाच टाका," मी म्हणालो. जुनी चाकं त्यानं बदल्यात ठेवून घेतली. नव्या रिमेभोवती रबराची एक बारीकशी कड होती, बांगडीएवढी. मला ती फारच देखणी वाटली. पूर्वी तिथे पंज्याएवढं जाड रबर होतं आणि त्या रबरात हवा होती, हा विचार तेव्हा डोक्यात आला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट चाकांची असली तरी ती बसलीय त्यांच्यावर. आई गेल्यापासून बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या घरात एकटे राहतात. आमच्याकडे या म्हटलं तर "बघू" म्हणतात. दर रविवारी सकाळी मी आणि माझी बायको गाडी घेऊन जातो, त्यांना जेवायला घरी आणतो आणि संध्याकाळी उन्हं उतरायच्या आत परत सोडतो. त्यांच्या घरी त्यांना झोप लागत नाही, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, पण डोळ्यांखाली दिसतं. आमच्या गाडीत मात्र लागायची. परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर बसले की पहिला चौक ओलांडायच्या आत त्यांची मान कलायची, तोंड किंचित उघडायचं आणि घर येईपर्यंत एक संथ घोरणं मागून येत राहायचं. आठवड्याभरातली त्यांची तेवढीच खरी झोप. मी ती माझ्या गाडी चालवण्याला मिळालेली पावती समजत होतो.

वाटेत एक टेकडी लागते आणि टेकडीवर उंच खांबांवर उभी असलेली पाण्याची गोल टाकी. बाबा पाणीपुरवठा खात्यात होते आणि ही टाकी त्यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. सकाळी येताना ती दिसली की गोष्ट सुरू व्हायची. टाकी पहिल्यांदा भरली तेव्हा एका खांबाच्या बुडाशी रोज ओल दिसायला लागली. खात्यात हाहाकार. मोठे साहेब आले, त्यांच्याहून मोठे साहेब आले, बाहेरून तज्ज्ञ आले, यंत्रं लावली. जितके साहेब जास्त तितकी ओल जास्त! शेवटी बाबा एक दिवस खुर्ची टाकून तिथेच बसले आणि त्यांना कोडं उलगडलं. पाहणीला आलेल्या साहेबांना चहा मिळायचा आणि तिथला चौकीदार त्यांचे कप त्या खांबाशी धुऊन पाणी तिथेच ओतायचा. "टाकी गळत नव्हती," बाबा शेवटी म्हणायचे, "खातं गळत होतं."

गोष्ट चांगली आहे. पहिल्या वीस वेळा तर फारच चांगली आहे. बाबांना तिच्यात एका अक्षराचा फरक खपत नाही. एकदा हिनं सहज म्हटलं, "म्हणजे तो पश्चिमेकडचा खांब ना?" तर बाबा गोष्ट थांबवून दोन सिग्नल होईपर्यंत समजावत राहिले, "पूर्वेकडचा! पूर्वेकडचा. अगं, सकाळचं ऊन तिकडून यायचं. कप धुऊन तो तिथेच उपडे घालायचा, उन्हात वाळायला. पश्चिमेला सकाळी सावली. सावलीत कप कोण वाळवेल?" झोपेतून उठवून पश्चिमेकडचा म्हटलं तरी दुरुस्त करतील, अशी आमच्यात थट्टा होती.

तर चाकं बदलून झाल्यावरच्या रविवारी मी मोठ्या दिमाखात त्यांच्या दारात गाडी उभी केली. बाबा खाली वाकून चाकांकडे बराच वेळ बघत राहिले, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "छान आहेत हं." येताना टाकीची गोष्ट झाली. मात्र मधेमधे त्यांचे शब्द तुटत होते. "मो-ठे सा-हेब आले," असं काहीसं. घराजवळ मी विचारलं, "कशी वाटली बाबा?"

"चांगली आहे," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "रस्ता कळतो."

मी हे कौतुक म्हणून घेतलं. आजही मला स्वतःची कमाल वाटते.

रस्ता खरोखरच कळत होता. पूर्वी ज्या ठिकाणी रस्ता आहे एवढंच आम्हाला माहीत होतं, तिथे आता त्याचं प्रत्येक ठिगळ, प्रत्येक झाकण, कुणी पाइप टाकून अर्धवट बुजवलेला प्रत्येक चर आमच्या मणक्यापर्यंत येऊन स्वतःची ओळख करून देत होता. संध्याकाळी निघाल्यावर हिनं डॅशबोर्ड धरून ठेवला होता. "अहो, बैलगाडी बरी," ती म्हणाली. "पोटातलं पाणी हलतंय."

"तुला सवय नाही अजून," मी म्हणालो. "ते बघ मागे. बाबा झोपले. गाडी आदळत असती तर झोपले असते का?"

हिनं मागे वळून पाहिलं. बाबांचे डोळे मिटलेले होते. त्या दिवसापासून दर रविवारी संध्याकाळी हिनं कुरकूर केली की मी आरशाकडे बोट दाखवायचो. माझ्याकडे झोपलेला साक्षीदार होता.

दरम्यान चाकांनी आपला प्रताप इतरत्र दाखवायला सुरुवात केली होती. आमच्या इमारतीत गाड्या एकावर एक चढवणारं यंत्र आहे. लोखंडी ताटात दोन पन्हाळी असतात, त्यात चाकं नेऊन उभी करायची. माझी नवी चाकं रुंद. ती पन्हाळीत बसेनात. पहिल्याच दिवशी करकर आवाज झाला, एका रिमेच्या तोंडावरून लांबलचक ओरखडा गेला आणि यंत्राचा भोंगा सुरू झाला. सबंध इमारत गॅलरीत आली. सोसायटीचे सचिव लिफ्टची वाट न बघता जिन्यानं खाली धावले.

"गाडीची रुंदी वाढवण्याआधी समितीची परवानगी घेतली होती का?" त्यांनी विचारलं.

"रुंदी गाडीची नाही वाढली. चाकांची वाढली."

"म्हणजे उद्या तुम्ही म्हणाल, गॅलरी नाही वाढवली, फक्त कठडा पुढे नेलाय." जमलेल्या मंडळींना हा युक्तिवाद पटला. माझी गाडी रस्त्यावर, एका झाडाखाली गेली. त्या झाडावर पक्षी राहत होते. याहून जास्त बोलत नाही.

सचिवांचा एक गुण असा की दंड ठोठावून झाला की ते लगेच सल्ला द्यायला मोकळे. "हवा कमी करा," ते म्हणाले. "मऊ होईल." मी हवा कमी केली. एका खड्ड्यात धाडकन आवाज झाला आणि टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला. टायरवाल्याला दाखवला तर त्यानं त्या फुग्यावरून मायेनं हात फिरवला. "हवा कमी केलीत ना? आतले धागे तुटले. गेला हा. रबर कमी, त्यात हवा कमी, मग मार कोण खाणार? साहेब, यांना हवा जास्त लागते." मी तो टायर बदलला आणि हवा वाढवली. आता चिटोऱ्यावरून गेलो तरी त्यावर काय लिहिलंय ते वाचता येईल, अशी गाडीची अवस्था झाली.

मग गाडीच्या तपासणीची तारीख आली. परिवहन कार्यालयातल्या निरीक्षकांनी टायरवरचे आकडे वाचले, कागदावरचे वाचले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "गाडी हीच आहे," ते म्हणाले, "पण हिचे पाय वेगळे आहेत. कंपनीचं पत्र आणा, नाहीतर जुनी चाकं लावून या." मी म्हणालो, गाडी तर चालतेय. ते म्हणाले, चालतेय म्हणूनच तपासतोय. रांगेतल्या लोकांना ते वाक्य फार आवडलं.

हे सगळं मी सहन केलं, कारण चाकं दिसायला अजूनही सुंदर होती, आणि मुख्य म्हणजे आपलं चुकलं हे मेव्हण्यासमोर कबूल करण्यापेक्षा माणूस मणका झिजवणं पसंत करतो. पण एका गोष्टीनं डोक्यात भुंगा सोडला. बाबा बोलायचे थांबले. पुढच्याच रविवारी सकाळी टाकी आली आणि गेली, आणि बाबा दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत राहिले. मला वाटलं, लक्ष नसेल. त्यानंतरच्या रविवारी मी मुद्दाम गाडी हळू केली. ते म्हणाले, "काही अडलंय का पुढे?" जेवतानाही नुसतं "हो", "नको", "पुरे". ही काळजीत पडली.

आम्ही सचिवांसमोर हा विषय काढायला नको होता. "कान," ते ताबडतोब म्हणाले. "आधी कान जातात. ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलत नाही. माझ्या काकांचं असंच झालं." आम्ही बाबांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर यंत्र चढवलं आणि सांगितलं की आवाज आला की हात वर करायचा. ते शाळेतल्या हुशार मुलासारखे हात वर करत होते. यंत्र काढल्यावर ते आत बसलेले असताना बाहेर उघड्या दाराशी ही माझ्या कानात पुटपुटली, "चेहरा किती उतरलाय ना बाबांचा." आतून बाबांनी हात वर केला.

डॉक्टर हसून म्हणाले, "या वयात इतके चांगले कान मी पाहिले नाहीत. यांच्यासमोर बोलताना जरा जपून हं!" आम्हीही हसलो.

बाबांना घरी सोडायला निघालो. चौक ओलांडला. ही डॅशबोर्ड धरून म्हणाली, "अहो, निदान आज तरी हळू." मी सवयीनं आरशाकडे बोट दाखवलं आणि त्या बोटामागोमाग माझी नजर गेली.

बाबांचे डोळे मिटलेले होते. मान कललेली होती, अगदी झोपलेल्या माणसाची. पण त्यांचा उजवा हात दारावरच्या हँडलला धरून होता. नुसता अडकवलेला नव्हता, गच्च धरला होता, बोटं पांढरी पडेपर्यंत. रस्ता पाठ असल्यासारखी, गाडी खड्ड्यात जायच्या आधीच ती बोटं आवळत होती. आणि तोंड मिटलेलं होतं. घोरणं नव्हतं. घोरणं कधी बंद झालं, मला आठवेना. चाकांच्या आवाजात ते ऐकू येत नसेल असं मी कधीतरी समजून घेतलं होतं.

म्हणजे ते जागे होते. आज, गेल्या रविवारी, त्याच्या आधीच्या रविवारी. नवरा-बायकोचं भांडण मिटावं आणि पोराची हौस मोडू नये म्हणून ते डोळे मिटून बसत होते, मी दिलेलं साक्षीदाराचं काम इमानानं करत.

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. बाबा झोपले की आम्ही मोकळेपणी बोलायचो. चाकं बदलल्यानंतरच्या त्या पहिल्याच संध्याकाळी टाकी दिसल्यावर मी काय म्हणालो होतो? "बरं झालं झोपले. नाहीतर आता पूर्वेकडचा खांब आला असता." ही हसली होती. मग मी रंगात येऊन बाबांच्या आवाजात "सावलीत कप कोण वाळवेल?" असं म्हणून दाखवलं होतं. आणि वर म्हणालो होतो, "त्या टाकीशिवाय यांच्या आयुष्यात दुसरं काही घडलंच नाही की काय, कोण जाणे." तेव्हा ही म्हणाली होती, "अहो, हळू." मी म्हणालो होतो, "झोपलेत."

या वयात इतके चांगले कान डॉक्टरांनी पाहिले नव्हते.

 त्यांच्या दारात गाडी उभी केली. ते "जाग" आल्यासारखे डोळे चोळत उतरले. "बरी झोप लागली," ते म्हणाले. "सावकाश जा." मला लाज वाटली. साधी, सरळ, तोंड लपवावंसं वाटेल अशी लाज. परतताना हिला सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी पण हसले होते."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी टायरच्या दुकानात गेलो. माझी जुनी चाकं कुणाच्या तरी गाडीखाली केव्हाच निघून गेली होती.

"मला लहान रिम हवी," मी म्हणालो. "कंपनीच्या मापाची. वर भरपूर रबर."

त्याला वाईट वाटलं. "साहेब, गाडीचा तोराच जाईल."

"जाऊ दे. आणि हे आदळणार हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही पाहिलंत, दिसते कशी. दिसत होती की!" यात खोटं काही नव्हतं. त्यानं नवीन टायर दाखवायला घेतले. हा पावसात धरतो, हा चिखलात धरतो, हा वेगात धरतो.

"मला धरणारा नको," मी म्हणालो. "मागच्या सीटवर एक म्हातारा माणूस झोपला पाहिजे. असा टायर द्या."

गिऱ्हाइकाकडून अशी मागणी त्यानं ऐकली नसावी. मग आतल्या खोलीत जाऊन त्यानं धूळ झटकत एक टायर आणला. जाड, फुगीर गालांचा, दिसायला अगदी बावळट. अंगठ्यानं दाबला की बाजूचं रबर आत जात होतं. "हा कुणी घेत नाही," तो म्हणाला. "वळणावर जरा डुलतो. पण आवाज नाही."

"चार द्या," मी म्हणालो.

गाडी पुन्हा अंगात सूट आणि पायात चपला अशी दिसायला लागली. पन्हाळीत बरोबर बसली. सचिवांनी "शेवटी समितीचंच ऐकलंत" असा शेरा मारला. निरीक्षकांनी शिक्का मारला. मेव्हणा आला, त्यानं चाकांकडे पाहिलं आणि तोंड उघडलं, पण हिनं त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा मागून मोकळा झाला.

रविवारी सकाळी बाबांना घेतलं. त्यांनी चाकांकडे पाहिलं. आत बसल्यावर हँडलकडे गेलेला हात त्यांनी अर्ध्यावरून खाली घेतला. त्या दिवशी टाकी आली तेव्हा मी नुसता समोरचा रस्ता बघत गाडी पुढे काढली. संध्याकाळी परतताना, बाबा झोपायच्या आत, मी हिच्याकडे बघितलं. तिनं मान हलवली.

"बाबा," मी म्हणालो, "त्या टाकीचं काय झालं होतं?"

ते हळूच म्हणाले, "ऐकलंय रे तुम्ही. पुष्कळदा."

"मी ऐकलंय, पण नीट नाही ऐकलं," मी म्हणालो. "आणि वाईट बोललो होतो मी. तुम्ही जागे होतात."

बाबांनी घसा खाकरला. "गाडी आदळायची रे," ते म्हणाले, जणू चूक त्यांचीच होती. "डोळा लागायचा नाही."

"सांगा ना बाबा," ही मागे वळून म्हणाली. "मला तर शेवट सोडून काही आठवत नाही."

हे धडधडीत खोटं होतं. पण बाबा सावरून बसले. "बरं," ते म्हणाले. "टाकी भरली आणि दुसऱ्या दिवशी खांबाच्या बुडाशी ओल. मी म्हटलं, असं कसं होईल? मोठे साहेब आले…" आवाज चांगला लागला होता. मोठ्यांहून मोठे साहेब आले, तज्ज्ञ आले, यंत्रं आली. गाडी एका चरावरून गेली आणि आम्हाला कळलंही नाही. "मग मी खुर्ची मागवली," बाबा म्हणाले. "म्हटलं, आज इथेच… बसतो… बघतो…" आणि वाक्य कुठेतरी विरघळून गेलं.

टेकडी समोर आली होती. उतरत्या उन्हात टाकी तांबूस दिसत होती. गोष्ट अर्धवट सोडणं मला बरं वाटेना, म्हणून पुढचं मी सांगायला घेतलं. खुर्ची, चौकीदार, चहा, कप. त्यांचेच शब्द, त्यांच्याच क्रमानं. ते मला इतके पाठ आहेत हे मलाही माहीत नव्हतं. या वेळी मी आवाज काढला नाही. खांबापाशी आल्यावर मी जरा थांबलो आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "आणि ते पाणी तो ओतायचा पश्चिमेकडच्या खांबाशी."

मागून दुरुस्ती आली नाही. मी पुन्हा म्हणालो, "पश्चिमेकडच्या." काही नाही. मी आरशात पाहिलं. हँडल रिकामं होतं. बाबांचा हात सीटवर उताणा, बोटं उघडी टाकून पडला होता, तोंड किंचित उघडं होतं, आणि ते जुनं, संथ घोरणं सुरू झालं होतं.

हिनंही मागे वळून पाहिलं. मग समोर बघत, अगदी हळू आवाजात मला म्हणाली, "पूर्वेकडच्या. कपांना ऊन लागायला हवं ना."